लांबच्या फेरीवर असताना ट्रेलर ट्रक स्वच्छ कसा ठेवायचा

माझ्या हॉर्सची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची, अ‍ॅल्युमिनियमची डिझेल टाकी एकेकाळी अशी चमकायची की तिच्यात बघून भांग पाडावा, ती एकदा धुवायला दिली आणि दहा मिनिटांत पांढरट पडली, चुना फासल्यासारखी. धुणाऱ्या पोराने काहीतरी ब्राइटनर, म्हणजे धातू चमकवायचं केमिकल, मारलं, मी आत पैसे द्यायला गेलो होतो, बाहेर येईपर्यंत ते उन्हात वाळूनही गेलेलं. नंतर ते घालवायला घासकागद घेऊन सुट्टीचे दोन दिवस टाकीसमोर मांडी घालून बसलो. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो, एक म्हणजे गाडीवर काय मारणार हे आधी विचारायचं, आणि दुसरा म्हणजे मोठ्या धुण्याची पाळीच कमी वेळा येईल असं बघायचं. दुसरा नियम जास्त कामाचा आहे म्हणून आधी तोच सांगतो.

आपण दिवसातून एकदोनदा तरी थांबतोच, डिझेलसाठी, झोपेसाठी, नाहीतर लोडिंगच्या रांगेत. त्यातली दहा मिनिटं रोज स्वच्छतेला द्यायची, पण क्रम ठरवून. आपल्याला ज्यातून दिसतं ते पहिलं, म्हणजे पुढची काच, बाजूच्या काचा, आरसे, कॅमेरे. मग दुसऱ्यांना आपण ज्याच्यामुळे दिसतो ते, हेडलाईट, इंडिकेटर, ट्रेलरचे मागचे दिवे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, नंबरप्लेट. आणि बंपरमधला रडार सेन्सर असेल तर तो, कारण त्याच्यावर चिखलाचा थर बसला की डॅशबोर्डवर वॉर्निंग येते आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणारी सिस्टीम बंद पडते, लोक वायरिंग तपासत बसतात आणि असतो नुसता चिखल. क्रोम आणि रंगाचा नंबर ह्या सगळ्यानंतर. चकचकीत बंपर आणि धुळीने माखलेले टेललाईट अशी गाडी रस्त्यात दिसली की मला हसूच येतं.

एलईडी दिव्यांचं एक लक्षात ठेवा. जुना हॅलोजन दिवा तापायचा, त्याच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळायचा, चिखल वाळून पडायचा. एलईडीची काच पुढून थंडच राहते त्यामुळे बर्फ असो की चिखल, बसला तो बसला, हाताने पुसल्याशिवाय जात नाही. बर्फात चालवत असाल तर प्रत्येक थांब्यावर उतरून बघाच.

सामान फार लागत नाही. दहा लिटरच्या दोन बादल्या, एकात एक बसणाऱ्या घ्या म्हणजे जागा वाचते, लांबणारा दांडा असलेला मऊ ब्रश, एक आखूड कडक ब्रश फक्त चाकांसाठी, हाताने दाबायचा एखादा स्प्रे पंप, मायक्रोफायबरची पंधरावीस फडकी, गाड्यांचा शाम्पू, काचेचं लिक्विड, रबरी ग्लोव्हज, चष्मा. भांड्याचा साबण रोज वापरू नका, तो तेलकटपणा काढायलाच बनवलेला असतो आणि गाडीवरचं वॅक्सही ओढून नेतो. फडक्यांचे रंग वाटून घ्या, काचेचं वेगळं, बॉडीचं वेगळं, चाकांचं आणि ग्रीसचं वेगळं, आणि बॉडीचं फडकं जमिनीवर पडलं की ते बॉडीला परत लावायचं नाही, धुतल्याशिवाय नाहीच. एक वाळूचा कण अडकलेला असला तरी रंगावर गोलगोल चरे पडतात, आणि ते उन्हात मस्त दिसतात, आपल्याला सोडून सगळ्यांना.

डिझेल भरताना सांडलेलं तिथल्या तिथे पुसा. दोन सेकंदांचं काम आहे पण न पुसलं तर त्याच्यावर धूळ बसते आणि काळा चिकट थर होतो जो नंतर साध्या शाम्पूला दाद देत नाही. डीईएफचं, म्हणजे इंजिनाचा धूर साफ व्हायला वेगळ्या टाकीत भरतात आणि आपण ज्याला नुसतं युरिया म्हणतो त्याचं, आणखी वेगळं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, पाणी उडालं की पांढरे खडे राहतात. खरवडू नका, कोमट पाण्यात लगेच विरघळतात. पण ते वायरच्या जोडात गेलं तर तांब्याला खातं, म्हणून टाकीच्या आजूबाजूच्या कनेक्टरवर सांडू देऊ नका. आणि डीईएफच्या तोंडाजवळ साबण, डिझेल लागलेलं फडकं असलं काही नेऊ नका, झाकण घट्ट लावून मगच धुवा, त्या टाकीत थोडी घाण गेली तरी पुढची दुरुस्ती डोक्याला ताप आहे.

किडे. रात्री शेतांमधून, पाण्याच्या कडेने गाडी काढली की सकाळी पुढचा सगळा भाग किड्यांनी भरलेला असतो. त्यांच्या अंगातला रस वाळला आणि वर ऊन पडलं की तो रंगात डाग पाडतो, म्हणून आठवडाभर ठेवायचे नाहीत. कोरडे खरवडायचे तर अजिबातच नाहीत. मोठं फडकं पाण्यात भिजवून बंपरवर, ग्रिलवर, काचेवरच्या व्हायजरवर नुसतं चिकटवून ठेवायचं आणि निवांत चहा पिऊन यायचं, दहापंधरा मिनिटांत किडे भिजून फुगतात आणि हलक्या हाताने निघतात. किडे काढायची जी जाळीदार प्लास्टिकची स्पंज मिळतात ती काचेवर ठीक, रंगावर मी लावत नाही. खरा उपाय म्हणजे पुढच्या भागावर वॅक्स किंवा स्प्रे सीलंटचा हात मारून ठेवणं, किडे बसतात तरीही पण धरून राहत नाहीत. पुढचा भाग तेवढा केला तरी पुरे, अख्ख्या ट्रेलरला वॅक्स लावायला वेळ कुणाला आहे.

डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर फडक्यावर घ्या, ठिपक्यावर धरा, पुसा, मग तिथे शाम्पूचं पाणी लावून धुवा. रॉकेल डिझेलने पण निघतात म्हणून बरेचजण तेच वापरतात, पण ते एअर सस्पेन्शनच्या फुग्यांवर, होजवर, टायरवर उडतं आणि रबर खराब होतं. मी तरी नाही वापरत.

पाणी मिळत नसेल तेव्हा रिन्सलेस वॉश हा प्रकार फार कामाचा आहे, ह्यात नंतर पाणी मारून धुवायचं नसतंच. १० लिटर पाण्यात साधारण ४० मिली लिक्विड, प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं त्यामुळे लेबल बघा, त्यात सातआठ फडकी भिजत घालायची. आधी त्याच पाण्याचा स्प्रे मारून धूळ भिजवायची, मग फडकं हलकं पिळून एका दिशेने सरळ ओढायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूने, मग ते फडकं बाजूला आणि नवीन घ्यायचं, वापरलेलं परत बादलीत बुडवायचं नाही, मुख्य गोष्ट हीच आहे. मागोमाग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. हॉर्सची केबिन एका बादलीत होते. पाणी खाली वाहत नाही म्हणून पार्किंगवाले पण सहसा काही बोलत नाहीत, तरी विचारलेलं बरं. पाईप लावून मात्र पार्किंगमध्ये गाडी धुवू नका, बऱ्याच ठिकाणी पावसाच्या पाण्याची गटारं सरळ नदीनाल्याला जातात आणि आपल्या गाडीखाली ग्रीस, डिझेल, ब्रेकची धूळ काय काय असतं ते आपल्याला माहीत आहे. गाडी जाड चिखलाने भरलेली असेल तर रिन्सलेसच्या नादी लागू नका, चिखल फडक्याने ओढला की घासकागदच झाला तो, आधी पाण्याने तो उतरवलाच पाहिजे.

आता मोठं धुणं, स्वतःच्या हाताने करायचं असेल तर.

गाडी सावलीत लावा आणि थंड होऊ द्या. उतार उतरून आलेल्या तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर किंवा डिस्कवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो, आणि तापलेल्या बॉडीवर साबण वाळून डाग राहतात. काचा बंद, छताची खिडकी बंद, हवेचे व्हेंट बंद. पहिली चाकं धुवा कारण सगळ्यात जास्त घाण तिथे आणि ती उडून वर बसते, आधी केबिन धुतली तर ती परत धुवावी लागते. मग साध्या पाण्याने वरून खाली धूळ उतरवून घ्या. मग शाम्पू, एका बादलीत साबण आणि दुसरीत साधं पाणी, ब्रश दरवेळी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवायचा. एका वेळी एकच बाजू करा, हॉर्सची डावी बाजू लावली, घासली, धुतली, मग पुढे जा. अख्खी गाडी फेसाने भरून ठेवली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं, आणि ट्रेलर १३.६ मीटरचा असो की ५३ फुटी, टोक लांबच असतं.

हाताने घासताना वरून खाली यायचं, पण केमिकल किंवा फोम स्प्रेने मारताना उलट, खालून वर जायचं. विचित्र वाटतं पण कारण आहे, वरून मारलं की केमिकलचे ओघळ कोरड्या भागावरून खाली जातात आणि जिथून ते गेले तिथे जास्त वेळ काम करतात, मग धुतल्यावर पट्टे दिसतात. खालचा भाग आधीच ओला असेल तर ओघळ त्यात मिसळून जातात. धुताना मात्र वरूनच धुवायचं.

प्रेशर वॉशर असेल तर नोझलचा रंग बघा, लाल म्हणजे ० अंश, सरळ सुईसारखी धार, ती गाडीला कधीच लावायची नाही. पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४० अंश. रंगावर पांढरं, चेसिसला हिरवं, बास. प्रेशर १५०० पीएसआय म्हणजे साधारण १०० बारच्या आसपास ठेवा आणि निदान एक फूट लांब धरा. स्टिकरच्या कडेवर, रंग उडालेल्या जागेच्या कडेवर तिरकी धार मारली की सोलून निघतं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून मारू नका, ती फिरणारी नोझल तर मुळीच नको, आतल्या दोऱ्यांचं नुकसान होतं आणि बाहेरून काही दिसतही नाही. हबच्या सीलवर, वायरच्या सॉकेटवर, एअर इंटेकमध्ये, एसीच्या आणि रेडिएटरच्या जाळीवर धार नको. रेडिएटर, इंटरकूलर ह्यांच्या जाळीत किडे आणि भुसा अडकून गाडी तापते म्हणून ते धुवायचे असतातच, पण कमी प्रेशरने, धार एकदम सरळ, आणि शक्य असेल तर इंजिनच्या बाजूने बाहेर, कारण घाण बाहेरून आत गेलेली असते. तिरकी धार मारली तर पत्र्याच्या त्या पातळ पट्ट्या वाकतात आणि मग हवाच जात नाही.

छतावर चढायच्या भानगडीत पडू नका. ओली टाकी, ओली क्रोमची पायरी, पायात साबण, चार मीटरवरून पडलेला माणूस गाडी स्वच्छ होती म्हणून वाचत नाही. दांड्याचा ब्रश त्यासाठीच घेतला. चढावंच लागलं तर दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय कायम गाडीला धरून.

धुतल्यावर पुसा, निदान काचा आणि क्रोम तरी. पाणी जड असेल तर थेंब वाळून त्यातला क्षार राहतो, पांढरे ठिपके. काचेवरचे असले ठिपके पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धंअर्धं करून निघतात, पण ते अ‍ॅल्युमिनियमवर ओघळून वाळू देऊ नका.

आता केमिकलचं, माझ्या टाकीचं दुखणं. साध्या शाम्पूने धुतलेली ट्रेलरची भिंत वाळल्यावर बोट फिरवून बघा, बोट काळं होईल. टायरची, डिझेलच्या धुराची, रस्त्याची अतिबारीक धूळ स्थिर विजेने पत्र्याला चिकटलेली असते, ती घासल्याशिवाय जात नाही आणि अख्खा ट्रेलर कोण घासणार, म्हणून टू स्टेप वॉश काढला लोकांनी. आधी कमी पीएचचं म्हणजे अ‍ॅसिडवालं लिक्विड मारायचं, ते वाळायच्या आत त्याच्यावरच जास्त पीएचचं म्हणजे अल्कलीवालं, आणि मग प्रेशरने धुवायचं. थर सुटून येतो, ब्रश लावावा लागत नाही. पांढऱ्या पत्र्याच्या ट्रेलरला हे उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. पण अ‍ॅल्युमिनियम हा असा धातू आहे की त्याला तीव्र अ‍ॅसिडही खातं आणि तीव्र अल्कलीही खातं, म्हणजे दोन्ही स्टेपमध्ये मार. पॉलिश केलेल्या टाक्या, रिम, बंपर ह्यांना हा प्रकार लागू द्यायचा नाही. कॉस्टिक सोडा घातलेला, ग्रीस काढायचा डिग्रीझरसुद्धा नाही.

आणि ब्राइटनरच्या कॅनवर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तर तो कॅन खाली ठेवा. हे मी चमकेसाठी नाही सांगत. हे अ‍ॅसिड कातडीतून आत जातं, पातळ असेल तर लगेच आगही होत नाही, काही तासांनी कळतं, तोपर्यंत ते आत शरीरातल्या कॅल्शियमला धरत असतं. हातावर उडालं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असतं ते लावायचं आणि सरळ दवाखाना, कुठलं केमिकल होतं ते सांगायचं. काच पण धुरकट करतं ते. थोड्या चमकेसाठी कुणी हे हाताळावं असं मला वाटत नाही, ग्लोव्हज घालून पण नाही.

म्हणून वॉशच्या ठिकाणी गाडी आत घेण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या. टू स्टेप मारता का, ब्राइटनर मारता का, मारणार असाल तर माझ्या टाक्या आणि रिमला मारू नका, आणि ब्रश लावता का. फिरत्या मोठ्या ब्रशच्या मशीनमधून गाडी घालायची असेल तर अँटेना खाली करा, आरसे मिटत असतील तर मिटा, सुटं काही असेल तर बांधा, आधीच्या गाडीचा चिखल त्या ब्रशमध्ये असतो हे धरून चला. आणि मुख्य म्हणजे गाडी धुतली जात असताना तिथेच उभे रहा, पैसे नंतर देता येतात.

अ‍ॅल्युमिनियम पॉलिश करायचं असेल तर आधी बघा की त्याच्यावर क्लिअर कोट आहे का. काही रिम कंपनीतूनच कोटिंग लावून येतात, त्यांना मेटल पॉलिश घासलं तर कोटिंगच खरवडलं जातं आणि धुरकट दिसतं, त्यांना नुसता शाम्पू. कोपऱ्यात थोडं पॉलिश घासून फडकं बघा, काळं झालं तर धातू उघडा आहे, पॉलिश करा. छोट्या भागात, हाताने, काळं निघून जाईपर्यंत, आणि शेवटी सीलंट. महिन्यातून एकदा हलका हात मारत राहिलात तर घासकागदापर्यंत जावंच लागत नाही. माझ्यासारखी टाकी जळालीच असेल तर ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, १००० असं चढत जायचं, पाणी मारत, आणि मधला नंबर गाळायचा नाही, गाळलात तर आधीचे चरे पॉलिशखाली तसेच राहतात आणि परत मागे जावं लागतं. विचारा कसं माहीत.

थंड भागात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे चालवत असाल तर वरच्या चमकेचं सोडा, खालून धुवा. साधं मीठ निदान कोरड्या हवेत वाळतं तरी. मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतात, मॅग्नेशियमवालं तर साधारण ३३ टक्के दमटपणातसुद्धा ओलं राहतं, म्हणजे गाडी उभी असताना पण गंजायचं काम चालूच. ब्रेक शूवर लायनरच्या खाली गंज धरतो, तो फुगतो आणि लायनर वर उचलून त्याला तडे पाडतो. हे मीठ वायरमध्ये शिरलं की आतलं तांबं आतल्या आत हिरवं होत जातं, म्हणून टेस्ट लॅम्पची सुई वायरमध्ये टोचायची सवय असेल तर ती सोडा, त्या भोकातूनच शिरतं ते. हॉर्स आणि ट्रेलरमधल्या वायरच्या सॉकेटमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवा, हवेच्या पाईपच्या कपलिंगची रबरं पुसत जा.

पण कडाक्याच्या थंडीत धुतल्यावर गाडी तशीच उभी करू नका. मी एकदा संध्याकाळी धुतली, पार्किंग ब्रेक लावला, झोपलो, सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले आणि पलीकडचा दरवाजा उघडेना. धुतल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा म्हणजे ब्रेक वाळतात, दरवाज्यांची रबरं पुसून त्यांना सिलिकॉन लावा, कुलपात पाणी राहू देऊ नका, हवेच्या टाक्यांतलं पाणी काढून टाका. गोठणबिंदूच्या खाली शक्यतो धुवायच्या बंद, गरम शेडमध्येच धुवा.

फिफ्थ व्हीलवरचं, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या हॉर्सच्या मागच्या प्लेटवरचं, ग्रीस जुनं झालं की त्यात वाळू बसते आणि मग ते ग्रीस राहत नाही, घासायची पेस्ट होते. मधूनमधून ट्रेलर सोडलेला असताना सगळं जुनं ग्रीस खरवडून काढा, जबड्यातलं पण, जबडा नीट बंद होतो का बघा, आणि नवीन लावा. प्रेशरने खालून धुतलं असेल तर नंतर गाडीला ग्रीस करून घ्या, धारेबरोबर सांध्यात पाणी शिरतं आणि ग्रीस मारलं की ते बाहेर येतं. इंजिन धुवायचं तर थंड असताना, अल्टरनेटर, एअर इंटेक, कॉम्प्युटरचे कनेक्टर पिशवीने झाकून, कमी प्रेशरने. नाहीतर धुवूच नका, फडक्याने पुसा.

धुताना डोळे उघडे ठेवले तर गाडीची अर्धी तपासणी तिथेच होते. चाकाच्या नटाखालून गंजाचा ओघळ आलेला दिसला तर नट सैल असू शकतो, धुवून टाकायच्या आधी बघा. हबच्या भोवती ताजं तेल आणि त्याच्यावर धूळ म्हणजे सील जातंय. रिमच्या भोकांमधे बारीक गंजाची रेष म्हणजे तडा असू शकतो.

ट्रेलर आतून साफ करताना आधी झाडू, मग पाणी, उलटं केलं तर सगळा कचरा ड्रेनच्या भोकात जाऊन बसतो. रीफरच्या, म्हणजे थंड मालाच्या ट्रेलरच्या, खाचांच्या फ्लोअरमध्ये तर नक्कीच. ड्रेन उघडे आहेत का बघून मग धुवा, नंतर दारं उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या, ओला बंद केला तर पुढच्या मालाला वास लागतो, ब्लीचचा वास पण लागतो हे विसरू नका. लाकडी फ्लोअरवर पाणी ओतू नका, झाडा आणि ओल्या फडक्याने पुसा. पडद्याची गाडी किंवा ताडपत्री असेल तर ओली गुंडाळून ठेवायची नाही, बुरशी येते. माल बांधायचे पट्टे कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, आत अडकलेली माती धागे कापते. पॉलिएस्टरच्या पट्ट्याला अल्कली चालत नाही, म्हणजे कॉस्टिकवाला डिग्रीझर नको, आणि वाळवायचे सावलीत.

केबिन. पायातले बूट दारातच, ही एक सवय लागली की निम्मं काम संपलं. रबरी मॅट रोज बाहेर झटकायची. कचऱ्याची पिशवी बांधलेली हवी, मोकळी बाटली सीटखाली पडली की ती घरंगळत ब्रेक पेडलखाली जाते, हा स्वच्छतेचा नाही जिवाचा प्रश्न आहे. व्हेंट आणि बटणांच्या फटीतली धूळ रंगाच्या सुक्या ब्रशने निघते. लिक्विड कधीही डॅशबोर्डवर मारायचं नाही, फडक्यावर मारायचं, स्विचमध्ये गेलं तर पंचाईत. चकाकी आणणारा सिलिकॉन स्प्रे स्टिअरिंगला आणि पेडलला लावणारे लोक मी पाहिलेत, घसरतं हो ते.

पुढच्या काचेला आतून एक धुरकट थर येतो, प्लास्टिकच्या डॅशबोर्डमधून उन्हाने सुटणाऱ्या वाफेचा, सिगरेट असेल तर विचारूच नका, समोरून गाडीचा प्रकाश आला की तो दिसतो. ती काच आतून आडवी पुसायची आणि बाहेरून उभी, मग पुसल्याची एखादी रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. काळी फिल्म लावली असेल किंवा स्क्रीन असेल तर अमोनियावालं लिक्विड नको. वायपरची पाती पण ओल्या फडक्याने पुसा, फडकं काळं होईल ते बघा.

झोपायच्या गादीखाली रात्री आपल्याच श्वासाची आणि घामाची वाफ जमते, गादी उचलून बघितली नसेल तर आजच बघा. आठवड्यातून एकदा उभी करून वारा लागू द्यायचा. केबिनचा एअर फिल्टर कुठे आहे ते शोधून ठेवा, धुळीच्या भागात तो आपल्याला वाटतं त्याच्या खूप आधी भरतो आणि मग एसीला कुबट वास यायला लागतो, लोक सेंट लटकवतात आणि फिल्टर तसाच.

राहिली फडकी. मायक्रोफायबर धुताना सॉफ्टनर टाकायचं नाही, धागे बुजतात आणि पाणी ओढत नाहीत, आणि खूप गरम ड्रायर पण नको. ग्रीसची फडकी ह्यांच्याबरोबर धुवायची नाहीत. माझ्याकडे नवीन फडकं आधी काचेला जातं, जुनं झालं की बॉडीला, मग चाकांना, मग फिफ्थ व्हीलच्या ग्रीसला, आणि तिथून सरळ कचऱ्यात.